एकच चिखल, अनेक चोची

ठाण्याची खाडी म्हटली की पुष्कळांना आठवतो तो चिखल आणि त्याचा दर्प. पण हिवाळ्यातील एखाद्या प्रसन्न सकाळी, ओहोटीच्या वेळी, ऐरोलीच्या बाजूने या चिखलाकडे नीट पाहा. शेकडो पक्षी तेथे चरत असतात. एकाच ताटात इतके जेवणारे, तरी त्यांची फारशी भांडणे होत नाहीत. असे का बरे?

उत्तर त्यांच्या चोचीत आणि पायांत आहे. चिखल्या हा छोटा पक्षी. त्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो तुरुतुरु धावतो, थबकतो आणि चिखलाच्या पृष्ठभागावरचा किडा टिपतो. तुतारीची चोच त्याहून लांब. ती चिखलात खुपसून आतले कृमी काढते. शेकाट्याचे पाय काटक्यांसारखे लांब, म्हणून तो उथळ पाण्यात उभा राहून चरतो. बगळा निश्चल उभा राहून नजरेने मासा हेरतो. चित्रबलाक मात्र अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवतो आणि माशाचा स्पर्श होताच ती मिटतो. त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याचे काही अडत नाही.

सर्वांत नवलाची चोच रोहित पक्ष्याची. तो डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत येते आणि बाहेर फेकले जाते. चोचीच्या कडांना कंगव्यासारख्या पट्ट्या असतात, त्यांत अन्न अडकते. मोठ्या रोहिताची ही गाळणी जाडसर असते. तिच्यात बारीक कवचधारी प्राणी व कृमी सापडतात. छोट्या रोहिताची गाळणी इतकी बारीक, की सूक्ष्म शैवालही तिच्यातून सुटत नाही. म्हणून हे दोघे भाऊबंद शेजारी शेजारी चरू शकतात. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नातील रंगद्रव्यांतून येतो. पिले करड्या रंगाचीच असतात.

हे ताट वाढते कोण? भरती आणि तिवरांचे रान. तिवरांची गळलेली पाने कुजतात, त्यांवर जीवाणू, कृमी, खेकडे पोसले जातात. भरती दिवसातून दोनदा हे अन्न चिखलावर पसरवते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब तुम्हीही करून पाहा. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती व त्यानंतर सुमारे सहा तासांनी, नऊ वाजता, ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण सहलीचा बेत आखायला पुरेसा आहे. भरती चढू लागली की पक्षी काठाकडे सरकतात. तीच निरीक्षणाची उत्तम वेळ.

खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तरीही पाणथळ जागेला ‘पडीक जमीन’ म्हणण्याची आपली सवय गेलेली नाही. आता विचार करा : अशा जागेवर वीतभर जाडीचा भराव पडला तर काय होईल? चिखल्याला कदाचित जागा उरेल, पण शेकाट्याचे उथळ पाणी जाईल आणि तुतारीच्या चोचीला मऊ चिखल मिळणार नाही. पाण्याची खोली बदलली, की पंगतीतले पानच उचलले जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुष्कळ रोहित दिसले म्हणजे पाणी स्वच्छ, असे नव्हे. सांडपाण्यातील क्षारांवर शैवाल फोफावते, हेही या गर्दीचे एक कारण अभ्यासक सांगतात.

करून पाहा : आपल्या गावातील तळे, खाडी किंवा नदीकाठ निवडा. वहीत पाच रकाने आखा : पक्षी, चोचीची लांबी, पायांची लांबी, चरण्याची जागा, चरण्याची रीत. नाव ओळखता आले नाही तर चित्र काढा. दर महिन्याला एकदा, त्याच ठिकाणी अर्धा तास नोंदी करा. वर्षअखेरीस शिक्षकांसह वर्गात चर्चा करा : कोणती चोच केव्हा आली, आणि कोणती येईनाशी झाली?