मधुमेह, यूरिक आम्ल आणि हृदय

कोरेगाव भीमा हे शिरूर तालुक्यातील, भीमा नदीकाठचे गाव. पुणे-अहिल्यानगर मार्गालगत कारखाने उभे राहिले आणि या परिसरातील अनेक घरांत शेतातील अंगमेहनतीची जागा बैठ्या कामाने घेतली. जवळच वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र असून, तेथे २००२ पासून परिसरातील २२ गावांची आरोग्यविषयक नोंद पद्धतशीरपणे ठेवण्यास प्रारंभ झाला.

याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे शहरानजीकच्या सहा गावांत १९९३ पासून माता व बालके यांचा अभ्यास केला. येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी. परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने टिकून असते, असे आढळले. म्हणूनच अंगाने सडपातळ असलेली व्यक्ती मधुमेहापासून सुरक्षित आहे, असे मानता येत नाही.

पोटातील चरबी वाढली की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो व शरीर ते अधिक प्रमाणात निर्माण करते. हे वाढीव इन्सुलिन मूत्रपिंडांतून होणारे यूरिक आम्लाचे उत्सर्जन कमी करते. प्युरीन या घटकाच्या विघटनातून निर्माण होणारे हे आम्ल मग रक्तात साठू लागते. अशा मधुमेही व्यक्तींत उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी आणि मूत्रपिंडांचे विकारही वारंवार आढळतात, आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

मग यूरिक आम्ल हेच हृदयविकाराचे कारण काय? ब्रिटनमध्ये साठ वर्षांवरील ५,७००हून अधिक हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांना संधिवाताचा गाउट हा प्रकार नव्हता. यूरिक आम्ल घटविणारे ॲलोप्युरिनॉल हे औषध दिल्याने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. वाढलेले यूरिक आम्ल ही धोक्याची सूचना होय. केवळ तो आकडा खाली आणल्याने हृदय सुरक्षित होते, असे सिद्ध झालेले नाही.

यास्तव अहवालात हा आकडा वाढलेला दिसताच स्वतःहून गोळ्या घेऊ नयेत. गाउट वा मूतखडा असल्यास उपचार निराळे असतात. ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावेत. लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्यांनी व ॲस्पिरिनच्या अल्प मात्रेनेही यूरिक आम्ल वाढू शकते. परंतु ही औषधे परस्पर बंद करणे घातक ठरेल. रक्तदाब, गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन यांची तपासणी अधिक मोलाची आहे.

आहारात डाळी वर्ज्य करण्याचे सहसा कारण नाही. मद्य, गोड पेये व साखर मात्र टाळावीत. गूळही यास अपवाद नाही, कारण त्यातील फ्रुक्टोजच्या विघटनातून यूरिक आम्लच निर्माण होते. तीस वर्षांवरील नागरिकांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. प्रकृती ठणठणीत वाटत असतानाच तिचा लाभ घेणे हितावह आहे.