अब्बांचे सोन्याचे घड्याळ



वडिलांच्या निधनानंतर कपाट उघडले जाते आणि एखाद्या डबीत जुने सोन्याचे घड्याळ सापडते. थोरला मुलगा ते मनगटावर बांधतो. घरातले गहिवरून म्हणतात, “अगदी अब्बांसारखा दिसतोस!” या प्रेमळ क्षणात शरीअतचे दोन प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न परिधानाचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोने व रेशीम उम्मतच्या पुरुषांसाठी निषिद्ध, तर स्त्रियांसाठी वैध ठरविले आहे. एका पुरुषाच्या हातातील सोन्याची अंगठी त्यांनी स्वतः काढून फेकली व तिला निखाऱ्याची उपमा दिली, असे ‘सहीह मुस्लिम’मध्ये आले आहे. सोन्याच्या घड्याळाचाही हाच हुकूम आहे. प्रथम घड्याळ पारखून घ्या. मागील झाकणाच्या आत ‘७५०’ हा शिक्का असेल, तर ते १८ कॅरेट सोने होय. नुसता मुलामा असेल, तर हनफी फुकहांनी सवलत दिली आहे. तरीही सावधगिरी उत्तम.

मग घड्याळ टाकून द्यावे काय? मुळीच नाही. प्रेषितांनी (स.) ह. उमर (रजि.) यांना रेशमी वस्त्र पाठविले, तेव्हा ते चकित झाले. ते परिधान करण्यासाठी दिलेले नाही, असा खुलासा प्रेषितांनी (स.) केला. ह. उमर (रजि.) यांनी ते मक्केतील आपल्या भावाला देऊन टाकले. मालकी वैध, परिधान निषिद्ध, हा भेद येथे स्पष्ट होतो. शिवाय मनगटी घड्याळ मुळात स्त्रियांचाच दागिना होता. पाटेक फिलिप या स्विस कारखान्याने १८६८ साली असे सोन्याचे घड्याळ हंगेरीच्या एका सरदार स्त्रीसाठी घडविले होते. पुरुष तेव्हा खिशात घड्याळ बाळगत.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. हे घड्याळ कोणाचे? ‘आठवण’ म्हणून ते थोरल्याने ठेवावे, असा रिवाज आहे. परंतु सूरह निसाच्या ७व्या आयतीनुसार वारसा थोडा असो वा अधिक, त्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा निश्चित आहे. म्हणून सोनाराकडून किंमत काढा. कर्ज व वसिय्यत यांची पूर्तता झाल्यावर आई, बहिणी, भाऊ सर्वांचे हिस्से धरा. बहिणीचे मौन म्हणजे तिची संमती नव्हे. ज्याला घड्याळ हवे, त्याने इतरांच्या हिश्श्याची रक्कम द्यावी.

जकातही विसरू नका. निसाब साडेसात तोळे, म्हणजे सुमारे ८७.५ ग्रॅम सोने. दर अडीच टक्के. हनफी मतानुसार स्त्रीच्या वापरातील दागिन्यांवरही जकात आहे. कोकणात प्रचलित असलेल्या शाफिई मतानुसार नित्य वापराच्या वैध दागिन्यांवर ती नाही. आपल्या घरचा हिशेब जाणत्या आलिमांकडून तपासून घ्यावा.

ते घड्याळ उद्या बहिणीच्या मनगटावर दिसले, तर अब्बांची आठवण कमी होणार नाही. उलट त्यांच्या लेकीचा हक्क अदा झालेला असेल. अल्लाह आपणा सर्वांना हक्क ओळखण्याची व ते अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.