दुनळीला मानवेल तेच काडतूस

भाच्या, आजोबांच्या दुनळीचा परवाना तुझ्या नावावर झाला, छान झालं. पण काडतुसं आणायला निघण्याआधी जरा बस. दुकानदार विचारणार, "बारा बोअरचीच ना?" आणि तू मान डोलावणार. घोळ तिथंच होतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी जाड, तेवढं नळीचं तोंड, साधारण साडेअठरा मिलिमीटर. बारा बोअरचा अर्थ एवढाच. नळी किती जुनी, दारू कोणती सोसेल, हे त्या आकड्यात नसतं.

बंदूक रिकामी आहे ना, हे आधी दोन्ही नळ्यांत डोकावून बघायचं. मग नळ्या दस्त्यापासून सोडव आणि खालच्या सपाट पट्टीवरचे ठसे भिंगाखाली वाच. विलायती बंदुकीवर 'नायट्रो प्रूफ' असं काही दिसलं तर ती आजच्या बिनधुराच्या दारूला तपासलेली आहे. नसलं तर ती काळ्या दारूची समजायची, आणि आज दुकानात मिळतात ती काडतुसं तिच्यासाठी नाहीत. नळीवर सापाच्या कातीसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस: लोखंड-पोलादाच्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून ठोकून सांधलेली. अशा काही नळ्याही नायट्रोला तपासलेल्या सापडतात, नक्षी दिसली म्हणजे बाद असं नाही. पण तो ठसा मारला त्या दिवसाचा; बंदूक राहिली त्या मुरबाडच्या घरातले पुढचे पावसाळे त्यात धरलेले नाहीत. सांध्यांत आतून गंज चढलेला डोळ्यांना दिसत नाही. कारागिराकडून नळीची जाडी मोजून घे. शंका राहिली तर बंदूक गप्प राहू दे.

आता घर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग. जुन्या विलायती दुनळ्यांचं घर बहुतेक अडीच इंची, 65 मिलिमीटरचं. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' घे नाहीतर बाहेरची, पाकिटावरची लांबी वाचल्याशिवाय पैसे काढू नकोस, कारण 70 ची काडतुसं आता सर्रास असतात. गंमत अशी, की 70 चं काडतूस 65 च्या घरात आरामात बसतं, बंदूकही नीट मिटते. पाकिटावरचा आकडा उडवलेल्या, तोंड उघडलेल्या नळकांड्याचा असतो. न उडवलेल्याचं तोंड आत दुमडलेलं, म्हणून ते आखूड. घोडा पडला की ती दुमड उघडायला जागा उरत नाही. ती पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्‍यांची वाट आवळते आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चाललं, असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही.

जुन्या हत्यारात नवं काडतूस, हे दुखणं जुनंच आहे. 1866 नंतर ठासणीच्या एनफिल्ड रायफली स्नायडर पद्धतीनं मागून भरायच्या केल्या. अमेरिकेत कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरांचं 1870 च्या सुमारास तेच झालं. भरण्याची सोय नवी आली, लोखंड जुनंच राहिलं. असल्या बदललेल्या हत्यारात आजचं जोरदार काडतूस घालायचं धाडस मी तरी करणार नाही.

वीस बोअरचं काडतूस बाराच्या डब्यात कधी ठेवू नकोस. ते घरातून पुढे सरकून नळीत अडकतं. वरून बाराचं भरलं आणि चाप ओढला, की नळी फुटते.

कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगतात. डोंबिवलीच्या हवेत तर हमखास. फुगलेलं ठोकून बसवायचं नाही, बाजूला काढायचं. चाप ओढूनही बार उडाला नाही तर लगेच बंदूक उघडू नकोस; तोंड मोकळ्या दिशेला धरून अर्धा मिनिट थांब. कधी कधी बार उशिरा उडतो.

हे सगळं रेंजपुरतं, बरं का. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचं नावही काढायचं नाही. नळी आखूड करून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठायचं, तो गुन्हा आहे.

तू राहतोस डोंबिवलीला, त्यामुळे तुझा कारभार ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे. मुरबाडच्या काकांचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. निवडणुकीत हत्यार जमा करायला बोलावलं तर आदल्या दिवशी नळ्या पुसून तेलाचा हात फिरव, आणि पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी तिथंच ताडून बघ.