घरातल्या जुन्या शस्त्रांची किंमत काढा, विमा उतरवा

श्रीगोंदा असो, जामखेड असो की पारनेर, जुन्या वाड्यांत खंडेनवमीला शस्त्रं पूजेसाठी बाहेर निघतातच. पूजा झाली की तोच दिवस साधा. सुती हातमोजे, शिलाईची टेप, वजनकाटा, मोबाईल, जाड वही, कापडी पट्ट्या आणि शस्त्र परवाना जवळ घ्या. घाई नको, एकेक पायरी करत जाऊ.

1. बंदुका एका सतरंजीवर आणि तलवारी, पट्टे, कट्यारी, भाले दुसऱ्या सतरंजीवर मांडा. लहान मुलं खोलीबाहेर!

2. प्रत्येक बंदुकीची नळी जाड भिंतीकडे वळवा. ठासणीच्या बंदुकीत जुनी दारू अजून बसलेली असू शकते. गज घालून उकरू नका, चाप ओढून बघू नका. परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या.

3. बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहा. 2019 च्या कायदा दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला 2 च बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून.

4. परवान्यात नसलेली बंदूक निघाली तर लगेच पोलीस ठाण्याला कळवा. आजोबांच्या परवान्यावर नातवाला बंदूक ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. ‘जुनी आहे, चालत नाही’ हे आपलं आपण ठरवू नका. दुरुस्त करूनही चालणार नाही, अशाच पुराण्या बंदुकीला सूट आहे. तज्ज्ञाचा लेखी दाखला मिळवा.

5. प्रत्येक पातं मोजा. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. परवाना लागेल का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

6. कापडी पट्टीवर क्रमांक लिहून ती दोऱ्यानं मुठीला बांधा. चिकटपट्टी लावू नका, खाली डाग पडतो.

7. वहीत त्या क्रमांकापुढे लांबी, वजन, कोरलेली अक्षरं, तुटफूट आणि शस्त्र घरात कसं आलं ते लिहा.

8. दिवसाच्या उजेडात फोटो काढा: पूर्ण शस्त्र, मूठ, पात्याची दोन्ही अंगं, नंबर. फोटो स्टेटसला मुळीच टाकू नका; चोराला आयता पत्ता मिळतो.

9. धूळ कोरड्या मऊ फडक्यानं टिपा. चिंच, राख, पॉलिश काही नको. मुठीवरचं सोन्याच्या तारेचं कोफ्तगरी काम केसाएवढं पातळ असतं. घासलं की तार निघते आणि किंमत तिथेच पडते.

10. कलावस्तूंच्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराला घरी बोलावा. प्रत्येक शस्त्राची वेगळी किंमत लिहून मागा. ‘एकूण इतके लाख’ असा ढोबळ दाखला दाव्याच्या वेळी अडचणीत आणतो.

11. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक संरक्षण मान्य मूल्यावर मागा. ते 5 लाखांपर्यंत असेल आणि एकही वस्तू 1 लाखावर नसेल, तर मूल्यांकनाचा दाखला माफ असतो. एरवी तो जोडायलाच हवा.

12. घरफोडीचा विमा वेगळा घ्या. इथेच बहुतेक जण फसतात! ‘गृह रक्षा’त चोरीची भरपाई फक्त आग, पूर अशा विमा असलेल्या घटनेमुळे आणि तिच्यापासून 7 दिवसांत झालेल्या चोरीला मिळते.

13. परवान्याच्या बंदुकीचं नाव पॉलिसीत नंबरासह लिहून घ्या. काडतुसं आणि दारू यांत धरू नका. स्फोटक पदार्थ स्पष्ट उल्लेखाशिवाय विम्याबाहेरच राहतात.

14. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा असताना विमा चालू राहतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर थांबू नका.

15. बंदुका रिकाम्या करून पोलादी कपाटात कुलूपबंद ठेवा. किल्ली दाराच्या खुंटीला नको.

16. वही, फोटो, दाखले आणि पॉलिसी यांची एक प्रत दुसऱ्या गावच्या विश्वासू नातेवाइकाकडे द्या. घरालाच आग लागली, तर घरातले कागद कामाला येणार नाहीत.

17. दरवर्षी पॉलिसीच्या नूतनीकरणाआधी यादी पुन्हा ताडून पाहा. नवं शस्त्र आलं, एखादं वाटणीत गेलं, तर कंपनीला त्याच आठवड्यात कळवा.