पाईप लांबवू नका, मशीन जवळ न्या
(उद्योग पाठ : गालिचा धुण्याचे मशीन)



चेणे हे नावाने गाव असले तरी आता मिरा-भाईंदर महापालिकेत येते. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून घोडबंदर रस्ता. या रस्त्याला रिसॉर्ट आहेत, लग्नाचे हॉल आहेत, मोठमोठ्या सोसायट्या आहेत. तिथे गालिचे, सोफे, गाद्या धुण्याचे काम निघतेच. म्हणून गटाच्या कर्जातून गालिचा धुण्याचे मशीन घ्यावे, असा विचार बचत गटांच्या बैठकीत येऊ लागला आहे. विचार चांगला आहे. पण मशीन घेताना दुकानदार एक गोष्ट हमखास सांगतो : "ताई, जास्तीचा पाईप घेऊन ठेवा, मशीन उचलायला नको." या पाईपाबद्दलच आजचा धडा आहे.

मशीन काम कसे करते?

या मशीनला दोन टाक्या असतात. एका टाकीतले साबणाचे पाणी पंप बारीक नळीतून गालिच्यात मारतो. लगेच मागून मोटर जाड पाईपातून हवा ओढते, आणि त्या हवेबरोबर मळके पाणी दुसऱ्या टाकीत येते. म्हणजे कामे दोन : पाणी मारणे आणि पाणी परत ओढणे. पाणी मारणे सोपे आहे, ते कुठलेही मशीन करते. गिऱ्हाईक खूश होणार की तक्रार करणार, हे ठरते पाणी किती परत आले त्यावर.

पाईप लांब झाला की काय होते?

हे तुम्हाला शिकवायला नको. वाडीत मोटर लावून लांबच्या वाफ्याला पाणी नेले की शेवटच्या टोकाला धार बारीक होते. पाईपाच्या आतल्या अंगाला पाणी घासते आणि जोर वाटेतच खर्च होतो. हवेचेही तसेच आहे. पाईप दुप्पट केला तर तेवढीच हवा ओढायला घासणीत जाणारा जोर दुप्पट होतो. मोटर मात्र तीच. मग ती हवा कमी ओढते. हवा कमी आली की पाणीही कमी येते आणि उरलेले पाणी गालिच्यात राहते.

पाईपाची जाडी तर याहून महत्त्वाची. दीड इंची पाईपाऐवजी सवा इंची पाईप जोडला, तर तेवढ्याच हवेसाठी अडथळा साधारण अडीच पट होतो. म्हणजे २५ फूट सवा इंची पाईप हा ६० फूट दीड इंची पाईपासारखा जड पडतो. बाजारातला स्वस्त, बारीक पाईप मधे जोडला की मशीन बिघडल्यासारखे का वाटते, ते यावरून कळेल.

तळहात लावून बघू नका

नवा लांब पाईप जोडला की आपण टोकाला तळहात लावून बघतो. हात जोरात चिकटला की म्हणतो, ओढ चांगली आहे. इथेच फसगत होते, बरं का! तोंड बंद असते तेव्हा पाईपातून हवा वाहतच नाही. हवा वाहत नाही तर घासणीही नाही. म्हणून पाईप १० फुटांचा असो की ५० फुटांचा, हात जवळपास सारखाच चिकटतो. प्रत्यक्ष कामात मात्र हवा वाहायला लागते, आणि लांब पाईपाचा तोटा तेव्हाच दिसतो.

खरी तपासणी : काटा आणि बादली

पहिली तपासणी काट्यावर करा. जुन्या गालिच्याचे दोन सारखे तुकडे घ्या आणि कोरडे असताना वजन करा. दोन्हींवर मशीनने सारखेच पाणी मारा. एका तुकड्यातले पाणी मूळ पाईपाने ओढा, दुसऱ्यातले लांब पाईपाने. हात दोन्हींवर सारखेच फिरवा, समजा चार-चार वेळा. मग पुन्हा वजन करा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. कोरड्यापेक्षा जितके वजन जास्त भरले, तितके पाणी आत राहिले. भाजीचा काटा यासाठी पुरतो.

दुसरी तपासणी रोजच्या कामातली. किती लिटर पाणी टाकले आणि मळक्या टाकीतून किती निघाले, ते बादलीने मोजा. समजा २० लिटर टाकले आणि १७ परत आले, तर ३ लिटर गालिच्यात राहिले. तेच १३ परत आले तर ७ लिटर राहिले. कामाच्या वहीत जागा, पाईपाची लांबी, टाकलेले पाणी आणि परत आलेले पाणी असे चार रकाने आखा. चार-पाच कामांनंतर वहीच तुम्हाला सांगेल की कुठला पाईप ठेवायचा.

पाणी राहिले तर काय बिघडते?

गालिचा वरून कोरडा वाटतो, पण खालच्या थरात ओल असते. ती ओल वर येताना खालचा मळ बरोबर घेऊन येते आणि धुतलेल्या गालिच्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग दिसतात. तागाचा पाया असेल तर पिवळट-तपकिरी छटा येते. दोन दिवस ओल टिकली तर कुबट वास सुटतो, बुरशी धरते. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. दोरीवरची साडी वाळत नाही, तिथे जाड गालिचा कसा वाळणार? लग्नाच्या हॉलवर तर संध्याकाळी दुसरा कार्यक्रम असतो. गालिचा खराब झाला तर भरपाई गटाकडून मागतात, आणि बँकेचा हप्ता काही त्यासाठी थांबत नाही. म्हणून ही नुसती पाईपाची गोष्ट नाही, गटाच्या पैशाची आहे.

मग मोठ्या कंपन्या लांब पाईप कसे वापरतात?

हा प्रश्न रास्त आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढणारे यंत्र काढले. ते घोडागाडीवर रस्त्यातच उभे असायचे आणि लांब पाईप खिडकीतून घरात जायचे. १९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले गालिचे त्याच यंत्राने साफ केले होते. आजही परदेशात गाडीवर बसवलेली मशीने लांब पाईपाने काम करतात. पण त्यांचे इंजिन मोठे आणि पाईपही जाड. आपले मशीन घरच्या प्लगवर चालणारे. त्याची मोटर सोबत आलेल्या पाईपाच्या हिशोबाने बसवलेली असते. बैलगाडीला ट्रकचे ओझे लादून कसे चालेल?

काम करताना हे पाळा

१. मशीनसोबत आलेला पाईप वापरा. व्यावसायिक मशीनसोबत बहुधा १५ ते २५ फुटांचा येतो. बहुतेक खोल्यांना तो पुरतो. मोठ्या हॉलमध्ये मशीन चाकांवर पुढे सरकवत जा.

२. जिना चढायचा असेल तर आधी टाक्या रिकाम्या करा. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो ओझे. मशीन दोघींनी मिळून उचला.

३. पाईप जोडावाच लागला तर आतून तेवढाच जाड किंवा त्याहून जाड घ्या. जोड जितके कमी तितके बरे. प्रत्येक जोडाला कान लावा. सूं-सूं आवाज आला तर तिथून हवा आत शिरते आहे.

४. पाईप सरळ पसरा. वेटोळे, पिळा, दाराखाली चेपलेला पाईप, हे सगळे ओढ खातात. मधे झोळ पडला की त्यात पाणी साचते.

५. गरम पाण्याचे मशीन असेल तर लक्षात ठेवा, लांब नळीत पाणी वाटेतच निवते.

६. लांबवायचीच असेल तर विजेची वायर लांबवा, पण नीट. तीन पिनची, अर्थिंग असलेली, २.५ चौरस मिलीमीटरची जाड वायर घ्या. बारीक वायर तापते आणि मोटरला वीज कमी पोचते. गुंडाळी पूर्ण सोडूनच वापरा. जोड ओल्या जागेपासून दूर, उंचावर ठेवा. हात ओले असताना प्लगला हात लावू नका.

७. पाणी मारण्याचा हात एक, तर नुसते ओढण्याचे हात दोन-तीन. शेवटी पांढरे कोरडे फडके ठेवून पायाने दाबा. फडके भिजले तर अजून ओढा.

८. काम संपल्यावर स्वच्छ पाणी ओढून पाईप आतून धुवा आणि टांगून निथळू द्या. जाळी साफ करा. जाळी तुंबली तर आखूड पाईपही लांब पाईपासारखाच वागतो.

बैठकीत बोलण्यासाठी

मशीन घेण्याआधी दुकानदाराला हे प्रश्न विचारा : पाईप किती फुटांचा? आतून किती इंची? मोटर किती वॉटची, आणि घरच्या साध्या प्लगवर चालेल की १६ अँपियरचा लागेल? टाक्या रिकाम्या असताना वजन किती? आणि त्याला सांगा, "आमच्यासमोर ओला गालिचा ओढून दाखवा, काटा आम्ही आणतो." जो दाखवायला तयार होईल, त्याच्याकडूनच मशीन घ्या.

जास्तीच्या पाईपाला जाणारे पैसे जाड वायर आणि एक चांगला पंखा घ्यायला वापरा. पंख्याने गालिचा लवकर वाळतो, आणि वाळलेल्या गालिच्यावर गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुर करत नाही.