रडण्याआधी उठायचं

मिरी घरी आली तेव्हा ८ आठवड्यांची होती, वजन जेमतेम ३ किलो. शेजारच्या बांधकामावर राखणीला असलेल्या काकांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, त्यातलं हे शेवटचं. नाशकातला डिसेंबर. पहिल्या रात्री मी तिला गॅलरीतल्या क्रेटमध्ये, म्हणजे तारेच्या पिंजऱ्यात ठेवलं, दाराची कडी लावली आणि आतल्या खोलीत जाऊन झोपले.

"रडली तरी उठून जाऊ नकोस. एकदा गेलीस की तिला कळतं, रडलं की माणसं येतात. दोन रात्री कान बंद करून घे," असं मला ओळखीतल्या तिघांनी सांगितलं होतं. तिघांकडेही कुत्री होती, म्हणून मी विश्वास ठेवला. मिरी अकरापासून रडत होती. आधी कुंई कुंई, मग किंचाळणं, मध्येच तारांवर नखं घासल्याचा आवाज. तीनच्या सुमारास शांत झाली आणि मला वाटलं, जमलं. सकाळी सहाला गॅलरीचं दार उघडलं तर ती क्रेटच्या एका कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसली होती. गोधडी ओलीचिंब, पोटाखालचे केस ओले, पुढच्या पायाचं एक नख तुटून तारेला रक्त लागलेलं. दमली म्हणून ती गप्प झाली होती. मला पाहून तिने शेपटी हलवली, ते मला फार लागलं.

दुसऱ्या रात्री आतल्या पॅसेजमध्ये ठेवलं, पण दार बंदच. चौथ्या दिवशी पोटावर लाल पुरळ आलं. ओल्या अंथरुणात तासन्‌तास पडून राहिल्यामुळे कातडी चुरचुरली होती. आठवड्याभरात अशी वेळ आली, की क्रेटकडे नेलं तरी ती चारही पाय ताठ करून मागे सरायची.

क्रेट घेताना मी मुलांचे कपडे घेतात तसा वाढत्या अंगाचा घेतला होता, ४२ इंची. मोठी झाल्यावर परत खर्च नको, हा हिशेब. कुत्र्याची जात मुळात स्वतःच्या अंथरुणात घाण करत नाही. तीन आठवड्यांचं पिल्लूसुद्धा जरा पाय फुटले की आईच्या कुशीपासून चार पावलं लांब जाऊन शू करतं. क्रेटचा सगळा उपयोग या एका उपजत सवयीवर उभा आहे. पण खोलीएवढा क्रेट दिला तर पिल्लू एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला कार्यक्रम उरकतं, त्याच्या दृष्टीने ते घराबाहेरच असतं. पिल्लाला उभं राहता यावं, गोल वळता यावं आणि पाय पसरून आडवं होता यावं, एवढीच जागा हवी. तारेच्या क्रेटबरोबर बहुतेक वेळा एक आडवी जाळी येते, ती सरकवून आतली जागा कमी-जास्त करता येते. आमची जाळी खोक्यासकट माळ्यावर पडून होती. मला ती कशासाठी आहे हेच कळलं नव्हतं.

माप बरोबर असतं तरी मिरी भिजलीच असती, कारण खरा प्रश्न तासांचा होता. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, तितके तास ते फार तर रोखून धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास, तेही ताणून. जागेपणी खेळताना तर तासाभरातच जावं लागतं. झोपेत शरीर लघवी कमी तयार करतं, म्हणून रात्री थोडा जास्त वेळ निघतो, पण अकरा ते सहा असे सात तास कधीच नाही. मी तिच्याकडून तिच्या शरीराला न जमणारी गोष्ट मागत होते आणि वर ती रडते म्हणून चिडत होते.

चिडण्याबद्दलही सांगायलाच हवं. पाचव्या दिवशी तिने दिवाणखान्यात सतरंजीवर शू केली तेव्हा मी तिला मानेला धरून तिथे नेलं, नाक जवळ नेलं आणि ओरडले. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. त्याने ती एवढंच शिकली, की या बाईसमोर शू करायची नाही. मग ती सोफ्याच्या मागे, पडद्याआड जाऊन करू लागली, आणि ज्या जागी तिने माझ्यासमोर करावं अशी माझी इच्छा होती तिथे माझ्याकडे बघत नुसती उभी राहायची. हे निस्तरायला मला पुढे तीन आठवडे लागले. झालेल्या गोष्टीवर ओरडून काहीही मिळत नाही. करताना दिसली तर शांतपणे उचलायचं आणि जागेवर न्यायचं, बाकी सगळं फक्त पुसायचं.

पुसायचंही फिनेलने नाही. फिनेलचा वास आपल्याला स्वच्छ वाटतो, पण त्याखाली मुताचा वास कुत्र्याच्या नाकाला तसाच लागतो, शिवाय फरशीवर चाललेले पंजे ते चाटतं आणि फिनेल पोटात जातं. मुतातली द्रव्यं फोडणारं एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते ओतून दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं. अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर वापरू नये. मुतातही अमोनियाच असतो, त्यामुळे पिल्लाला ती जागा आपलीच वाटते.

आमची गाडी रुळावर आली ती सासूबाईंमुळे. त्या गावाहून आल्या आणि दुसऱ्याच रात्री मला म्हणाल्या, "अगं, तू ती रडल्यावर काय करायचं हे विचारतेस. रडेपर्यंत थांबतेस कशाला? तुझ्या नवऱ्याला मी रात्री झोपेतच उचलून मोरीत न्यायची. शू-शू म्हणायचं, नळ जरासा सोडायचा. पोर डोळेही उघडत नसे." मी चमकले. माझ्या मुलाच्या बाबतीत मीही हेच केलं होतं, पण पिल्लासाठी ते सुचलं नव्हतं.

त्या रात्रीपासून गजर लावायला लागले. साडेदहाला शेवटची शू, मग एक वाजता आणि चार वाजता. ती रडण्याआधी उठायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्यामुळे रडलं की दार उघडतं असा धडा तिला मिळतच नाही, आणि अंथरूणही भिजत नाही. क्रेट माझ्या पलंगाला लागून ठेवला, माझा हात जाळीपर्यंत पोचेल असा. चार भावंडांच्या उबेत झोपलेलं पिल्लू पहिल्याच रात्री एकटं गॅलरीत झोपेल ही अपेक्षाच वेडेपणाची आहे. आत माझी जुनी सुती साडी घडी करून घातली. गळ्यातला पट्टा रात्री काढून ठेवायचा, तो तारेत अडकून पिल्लू गुदमरू शकतं.

गजर झाला की दिवा लावायचा नाही, लाडिक बोलायचं नाही. पिल्लाला चालवत न्यायचं नाही, उचलून न्यायचं, नाहीतर वाटेतच होतं. एकाच जागी सोडायचं, आपण झाडासारखं उभं राहायचं आणि हळू आवाजात एकच शब्द, आमच्याकडे "शू कर". केली की लगेच, तिथल्या तिथे, "शाब्बास" आणि खाऊचा एक बारीक तुकडा. घरात आल्यावर दिला तर तो घरात आल्याबद्दलचा होतो. पाच मिनिटांत नाही केली तर परत क्रेटमध्ये आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा. खेळ मात्र अजिबात नाही, रात्री उठणं कंटाळवाणंच वाटायला हवं.

ती जागा कुठली, याचा विचार आधी करा. पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांपर्यंत, रस्त्याकडेला किंवा इतर कुत्री जिथे वावरतात त्या मातीत त्याला सोडू नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि लहान पिल्लाला उलट्या-जुलाबांनी दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वरच्या गच्चीत एका पसरट ट्रेमध्ये नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा ठेवला. गच्ची नसेल तर बाल्कनीत ठेवा. वर्तमानपत्रावर शिकवू नका असं माझं मत आहे. नंतर घरात जमिनीवर पडलेला प्रत्येक पेपर तिला आपलाच वाटतो.

रात्रीची तयारी संध्याकाळपासून करावी लागते. शेवटचं जेवण सातला, म्हणजे साडेदहापर्यंत शीही होऊन जाते. झोपायच्या तासभर आधी पाण्याचं भांडं उचलायचं, पण हे फक्त थंडीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी काढून घेऊ नये, त्यापेक्षा एक गजर जास्त लावावा. उन्हाळ्यात क्रेट चारही बाजूंनी चादरीने झाकू नये, हवा खेळती हवी. संध्याकाळी खेळवून दमवा. आणि दिवसा, दार उघडं ठेवून, तिचं जेवण क्रेटच्या आत द्या. मिरीला आधीची भीती बसलेली, म्हणून मला पहिले चार दिवस ताटली दाराबाहेर ठेवावी लागली. मग उंबऱ्यावर, मग आत. दिवसा दार लोटलं ते दहाव्या दिवशी, तेही ती जेवत असताना मिनिटभर. नव्या पिल्लाला एवढा वेळ लागत नाही.

गजर सांभाळूनही साधारण बाराव्या रात्री अचानक सगळं बिघडलं. दर वीस मिनिटांनी चुळबूळ, थेंब थेंब शू, नंतर स्वतःला चाटणं. मला वाटलं हट्ट आहे. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवीचा नमुना आणलात का?" संसर्ग निघाला. माद्यांमध्ये तो जास्त होतो. औषधं सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तीन तास झोपू लागली. शिकलेलं पिल्लू अचानक विसरलं, शू वारंवार आणि थोडी थोडी होतेय, लालसर दिसतेय, तर त्याला शिस्त लावत बसू नका. स्वच्छ, कोरड्या वाटीत सकाळची शू धरा आणि तासाभरात दवाखान्यात पोचवा.

रडणं ओळखायला मला वेळ लागला. नुकतीच शू करून आली असेल आणि पडल्या पडल्या कुरकुरत असेल तर जाळीतून बोटं आत घालून गप्प राहावं, पाच-सात मिनिटांत झोपते. दोन तास झोपून उठून, उभं राहून रडत असेल तर तिला जायचंय, घड्याळ काहीही सांगो. आणि लाळ गाळत, तारा चावत, अंग आपटत असेल तर ती घाबरली आहे. तेव्हा दार उघडायचंच. काही कुत्र्यांना क्रेट कधीच सोसत नाही. अशांसाठी पलंगाजवळ बाळांसाठी मिळतं तसं छोटं कुंपण करावं. ज्या पिल्लांनी दुकानातल्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत दिवस काढलेत, त्यांची अंथरुणात घाण न करण्याची उपजत सवय मोडलेली असते आणि त्यांना बराच जास्त वेळ लागतो. ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला आपल्याकडच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत मनाई आहे. कुणी महिन्याभराचं पिल्लू हातात देत असेल तर घेऊ नका. आईजवळचे ते चार आठवडे आपल्याला नंतर भरून काढता येत नाहीत.

शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "पिंजऱ्यात कशाला कोंडता बिचारीला?" त्यांचं चुकलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी कोंडतच होते. आणि आजही कुणी ऑफिसला जाताना पिल्लू आठ-नऊ तास क्रेटमध्ये बंद करून जात असेल तर त्याला मी कोंडणंच म्हणेन. क्रेट रात्रीचा आणि दुपारच्या तासाभराच्या झोपेचा. दिवसभर घरात कुणी नसेल आणि मधे येणारं माणूसही नसेल तर इतकं लहान पिल्लू आणूच नये, मोठं कुत्रं दत्तक घ्यावं.

आमचा एकचा गजर मिरीच्या वयाच्या तिसऱ्या महिन्याअखेर सुटला. एकदम नाही, दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटं पुढे ढकलत. साडेतीन महिन्यांची असताना मिरी पहिल्यांदा अकरा ते साडेपाच झोपली आणि मीच दोनदा उठून तिच्या पोटावर हात ठेवून श्वास बघितला.

मागच्या महिन्यात माझ्या शाळेतल्या एका सहकारी मैत्रिणीने पिल्लू आणलं आणि क्रेट मागायला आली. मी आधी तिच्या हातात ती आडवी जाळी दिली, मग क्रेट. निघताना तिने विचारलं, "पहिल्या रात्री फारच रडलं तर?" मी तिला एकचा आणि चारचा गजर माझ्यासमोर लावायला सांगितला. तिच्या पहिल्या चार रात्री मी माझाही फोन उशाशी, आवाज चालू ठेवून झोपले.