सिम्नेल केक : सजावटीतून बोलणारी परंपरा

प्रस्तावना

ऋतू बदलला की स्वयंपाकघरही बदलते. महाराष्ट्रात चैत्राची चाहूल लागताच बाजारात साखरेच्या गाठी दिसू लागतात. पाडव्याच्या सकाळी गुढीला कडुनिंबाच्या डहाळीसोबत गाठीही बांधली जाते. पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे होते. वसंताचे असे गोड स्वागत जगाच्या इतर भागांतही केले जाते. इंग्लंडमध्ये या ऋतूत घरोघरी केला जाणारा पदार्थ म्हणजे सिम्नेल केक. त्याच्या माथ्यावर बदामाच्या मिश्रणाचा पिवळसर थर असतो आणि कडेने अकरा गोळे मांडलेले असतात. हे गोळे अकराच का, असा प्रश्न कोणालाही पडावा. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचे उत्तर, केकमागील इतिहास व आख्यायिका आणि तो घरी सजविण्याची पद्धत यांचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –

• सिम्नेल केक व वसंतातील सण यांचा संबंध सांगू शकाल;
• आख्यायिका व ऐतिहासिक पुरावा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• केक सजविण्याच्या कृतीतील पायऱ्या व त्यांमागील कारणे क्रमाने लिहू शकाल;
• एखादा पदार्थ दुसऱ्या प्रदेशात गेल्यावर कसा बदलतो, हे उदाहरणासह सांगू शकाल.

मूळ पाठ

१. उपवासाचा काळ आणि आईकडची वाट

ख्रिस्ती धर्मात येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणजे ईस्टर. हा सण नेहमी रविवारी येतो. पण त्याची तारीख चंद्राच्या गतीवरून ठरते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस होय. त्यामुळे बहुतेक वर्षी तो फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. २०२४ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर होता.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडी, दूध व लोणी हेही वर्ज्य असे. कोंबड्यांना मात्र उपवासाचे बंधन नव्हते. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की वाढत्या प्रकाशामुळे त्या अधिक अंडी घालतात. खाण्यास मनाई आणि अंड्यांची रेलचेल, असे दोन्ही एकाच वेळी घडे. उपवास सुटताच अंड्यांना सणात मानाचे स्थान मिळाले, त्यामागे हे एक साधे कारण आहे.

या दीर्घ उपवासाच्या मध्यावर, चौथ्या रविवारी, नियम थोडे शिथिल होत. इंग्लंडमध्ये या दिवसाला ‘मदरिंग संडे’ म्हणजे मातृभेटीचा रविवार असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात तेथील स्त्रियांना रोजगार देणारे सर्वांत मोठे क्षेत्र घरकामाचे होते. खेड्यांतील गरीब घरांतल्या मुली कोवळ्या वयातच श्रीमंतांच्या घरी कामाला राहत. पहाटे चुली पेटविण्यापासून रात्री भांडी घासण्यापर्यंत त्यांचा दिवस चाले. सुट्टी क्वचितच मिळे. मातृभेटीच्या रविवारी मात्र त्यांना घरी जाण्याची मुभा देण्याची प्रथा होती. वाटेवरच्या कुंपणाकाठी फुललेली जांभळी रानफुले वेचून आणि शक्य असल्यास सोबत सिम्नेल केक घेऊन त्या आईकडे निघत.

या भेटीचे मोल समजण्यास मराठी वाचकाला फार सायास पडणार नाहीत. माहेरच्या वाटेवरील ओढ आपल्या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या व्यक्त झाली आहे. येथे माहेरवाशिणीच्या जागी कष्टकरी लेक आहे, एवढाच फरक. वर्षभर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणारे हात त्या एका दिवशी स्वतःच्या आईसाठी काही घेऊन जात.

काळाच्या ओघात ही प्रथा मंदावली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉन्स्टन्स पेन्सविक स्मिथ यांनी तिच्या पुनरुज्जीवनासाठी परिश्रम घेतले आणि ती पुन्हा रूढ झाली. सिम्नेल केक मात्र हळूहळू ईस्टरच्या दिवसाशी अधिक जोडला गेला.

पाठगत प्रश्न १

१. ईस्टरची तारीख कशावरून ठरते?
२. वसंतात अंड्यांची विपुलता होण्याचे कारण कोणते?

२. नावाच्या गोष्टी

‘सिम्नेल’ या नावाविषयी इंग्लंडमध्ये एक मजेदार गोष्ट सांगितली जाते. सायमन आणि नेल हे एक वृद्ध जोडपे होते. मुले घरी येणार म्हणून त्यांनी गोड पदार्थ करण्याचे ठरविले. उपवासकाळातील उरलेली कणीक नेलने बाहेर काढली. नाताळच्या पुडिंगचा शिल्लक भाग तिच्यात भरावा, असे सायमनने सुचविले. येथवर एकमत झाले. पण गोळा उकडायचा की भाजायचा, यावरून भांडण जुंपले. स्टूल फेकले गेले, झाडू उगारला गेला. अखेरीस दोघांनी तडजोड केली : आधी उकडायचे, मग भाजायचे. मोडलेल्या स्टुलाचे आणि झाडूचे सरपण झाले. झटापटीत फुटलेली अंडी पदार्थाला वरून लावली गेली. सायमन व नेल यांच्या नावांवरून तो ‘सिम्नेल’ झाला.

दुसरी कथा लॅम्बर्ट सिम्नेल या मुलाची आहे. १४८७ मध्ये काही सरदारांनी त्याला राजघराण्याचा वारस म्हणून पुढे केले. बंड फसले. राजा सातव्या हेन्रीने त्याला शिक्षा न करता राजवाड्याच्या स्वयंपाकघरात कामाला लावले. हा इतिहास खरा आहे. परंतु त्यानेच हा केक प्रथम केला, ही जोडलेली कथा खरी नव्हे. तेराव्या शतकात पावाच्या वजनाविषयी इंग्लंडमध्ये जो कायदा झाला, त्यात सिम्नेल नावाच्या पावाचा उल्लेख आहे. म्हणजे लॅम्बर्टच्या जन्माच्या दोनशे वर्षे आधीपासून हे नाव प्रचारात होते.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘सिमिला’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ गव्हाचे उत्तम, बारीक पीठ. रव्याला इंग्रजीत ‘सेमोलिना’ म्हणतात. तो शब्दही याच मुळापासून आला आहे. आख्यायिका खोटी ठरली तरी ती निरुपयोगी नसते. सायमन-नेलच्या गोष्टीत उकडून मग भाजण्याची जुनी रीत जपली गेली आहे. १८६४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या चेंबर्सच्या ‘बुक ऑफ डेज’ या ग्रंथात श्रूजबरी गावच्या सिम्नेलचे वर्णन आहे. बाहेरून केशर घातलेल्या पिठाचे कवच, आत सुक्या मेव्याचे सारण आणि आधी उकडून नंतर भाजण्याची पद्धत, असे त्याचे स्वरूप होते. कवच लाकडासारखे कठीण होई. भेट आलेला सिम्नेल एका बाईंना पाय ठेवण्याचे आसन वाटला, असा किस्साही त्या ग्रंथात दिला आहे.

३. अकरा गोळ्यांचा अर्थ

श्रूजबरीच्या त्या सिम्नेलवर गोळे नव्हते. आजची सजावट नंतरच्या काळात रूढ झाली आहे. येशूचे बारा प्रेषित होते. त्यांपैकी यहूदा इस्कार्योत याने विश्वासघात करून त्याला शत्रूंच्या हाती दिले. म्हणून केकवर उरलेल्या अकरा प्रेषितांचे अकरा गोळे मांडतात. काही घरांत मधोमध येशूचा बारावा गोळाही ठेवतात.

बायबलमधील कथेनुसार यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली. पण ती ईस्टरनंतर. म्हणजे पुनरुत्थानाच्या सकाळी प्रेषित खरोखरच अकरा होते. सजावटीतील संख्या त्या दिवसाशी अचूक जुळते. पंगतीत एक पान रिकामे राहावे, तशी ही उणीव केकवर दिसते. मुले गोळे मोजतात, बारावा कुठे म्हणून विचारतात आणि घरातील वडीलधारी माणसे कथा सांगतात. अशा रीतीने सजावट हीच पाठांतराची खूण बनते.

पाठगत प्रश्न २

१. सिम्नेल हे नाव लॅम्बर्ट सिम्नेलवरून पडले नाही, हे कशावरून सिद्ध होते?
२. केकवर अकराच गोळे का मांडतात?

४. सजावटीची कृती

सिम्नेलच्या सजावटीचा प्राण म्हणजे मार्झिपान. २०० ग्रॅम सोललेल्या बदामांची बारीक पूड, २०० ग्रॅम पिठीसाखर आणि मळण्यापुरते अंड्याचे पांढरे किंवा साखरेचा दाट पाक यांपासून सुमारे ४५० ग्रॅम मार्झिपान होते. वरचा थर पूर्णपणे शिजत नाही. म्हणून कच्च्या अंड्यापेक्षा पाक वापरणे अधिक सुरक्षित. मिश्रण हलक्या हाताने मळावे. फार मळल्यास बदामाचे तेल सुटते आणि गोळा तुपकट होतो. नंतर त्याचे तीन समान भाग करावेत : एक केकच्या पोटात, एक माथ्यावर आणि एक गोळ्यांसाठी.

केकसाठी लोणी, साखर व मैदा प्रत्येकी १७५ ग्रॅम, तीन अंडी, सुमारे ३५० ग्रॅम मनुका, बेदाणे व संत्र्याच्या पाकवलेल्या साली आणि चवीला जायफळ व दालचिनी घेतात. १८ सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात निम्मे मिश्रण घालून त्यावर मार्झिपानची गोल पोळी ठेवावी व उरलेले मिश्रण पसरावे. १५० अंश सेल्सिअस तापमानावर केक भाजण्यास दोन ते अडीच तास लागतात. एरवी केकमध्ये सळई खुपसून ती कोरडी निघते का, हे पाहतात. येथे ही परीक्षा फसवी ठरते. मधला थर वितळून सळईला चिकटतो आणि भाजलेला केकही कच्चा वाटतो. त्यामुळे वरचा रंग आणि बोटाने दाबल्यावर जाणवणारा घट्टपणा यांवरूनच निर्णय घ्यावा.

केक पूर्ण थंड झाल्यावरच सजावटीस आरंभ करावा. गरम केकवर मार्झिपान घसरते. प्रथम माथ्यावर किंचित गरम केलेला जर्दाळूचा जॅम लावावा. तो डिंकाचे काम करतो. पोलपाटावर पिठीसाखर भुरभुरून मार्झिपानची सुमारे अर्धा सेंटीमीटर जाडीची पोळी लाटावी व ती केकवर बसवावी. करंजीला घालतात तशी बोटांनी कडेला मुरड घातली की केकला साधी पण सुबक किनार लाभते.

आता गोळे. तिसऱ्या भागाचे अकरा समान गोळे करावेत. प्रत्येकाचे वजन १३ ते १४ ग्रॅम भरते. अकरा ही संख्या वर्तुळावर मांडण्यास अवघड आहे. बारा गोळे घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे सहज बसतात. अकरांमध्ये मात्र प्रत्येक अंतर थोडे वाढवावे लागते. म्हणून सर्व गोळे आधी नुसते ठेवून पाहावेत, अंतरे सारखी करावीत आणि मगच जॅमने चिकटवावेत. शेवटी फेटलेले अंडे कुंचल्याने हलकेच लावून केक काही मिनिटे ओव्हनच्या वरच्या आचेखाली धरावा. बदामातील व अंड्यातील प्रथिने आणि साखर यांच्यावर उष्णतेची प्रक्रिया होऊन पृष्ठभागावर सोनेरी तांबूस छटा येते. या वेळी नजर ढळू देऊ नये. सोनेरी रंग करपण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही.

५. बदामाकडून काजूकडे

मार्झिपान पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले. बदाम तेथे पिकत नाही. परंतु पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणलेला काजू कोकणच्या जांभ्या जमिनीत चांगला रुजला होता. साहजिकच गोवा, वसई आणि मुंबई येथील ख्रिस्ती घरांत मार्झिपानसाठी काजू वापरला जाऊ लागला. त्यात गुलाबपाणीही आले. ईस्टरला या मिश्रणाची अंडी व फुले साच्यांतून काढली जातात. काजूकतली करणाऱ्या हाताला हे मिश्रण मुळीच परके वाटत नाही.

पदार्थ प्रवास करतो तेव्हा त्याची सामग्री बदलते, आकार बदलतो, त्याच्याभोवतीच्या कथाही बदलतात. त्याच्यामागील भावना मात्र तीच राहते. कामाच्या घरातून वर्षातून एकदा सुटणारी ती मुलगी केक घेऊन दारात उभी राही, तेव्हा आईला त्यावरचे नक्षीकाम दिसण्याआधी लेक दिसत असावी.

शब्दार्थ

प्रेषित – येशूचे निवडलेले शिष्य
पुनरुत्थान – मृत्यूनंतर पुन्हा जिवंत होणे
आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी कथा
पुनरुज्जीवन – लोप पावलेली गोष्ट पुन्हा सुरू करणे
मुरड – करंजीच्या कडेला घातलेली वळणदार दुमड
रेलचेल – विपुलता

तुम्ही काय शिकलात

• सिम्नेल केकचा संबंध प्रथम मातृभेटीच्या रविवाराशी होता. पुढे तो ईस्टरशी जोडला गेला.
• नावाविषयीच्या आख्यायिका रंजक आहेत; पण शब्दाचे मूळ लॅटिन ‘सिमिला’मध्ये आहे.
• अकरा गोळे अकरा प्रेषितांचे प्रतीक आहेत.
• गोवा, वसई व मुंबईत मार्झिपानसाठी बदामाऐवजी काजू वापरला जातो.

पाठान्त प्रश्न

१. मातृभेटीच्या रविवारी घरी जाणाऱ्या मुलींचे जीवन आपल्या शब्दांत वर्णन करा.
२. ‘आख्यायिका खोटी ठरली तरी ती निरुपयोगी नसते.’ पाठाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
३. केक सजविताना पुढील गोष्टी का करतात, ते लिहा : (अ) केक थंड होऊ देणे (आ) जॅम लावणे (इ) गोळे आधी नुसते ठेवून पाहणे.
४. तुमच्या घरी सणाला होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती व त्यामागील कथा दहा ओळींत लिहा. ती कथा तुम्हांला कोणी सांगितली, याचाही उल्लेख करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेवरून, तिच्यानंतरचा रविवार हा ईस्टर होय. (२) दिवस मोठा होऊन प्रकाश वाढल्याने कोंबड्या अधिक अंडी घालतात.

पाठगत प्रश्न २ : (१) तेराव्या शतकातील पावाविषयीच्या कायद्यात सिम्नेल पावाचा उल्लेख आहे, लॅम्बर्टचे बंड १४८७ चे आहे. (२) विश्वासघात करणाऱ्या यहूदाला वगळून उरलेल्या अकरा प्रेषितांचे प्रतीक म्हणून.